बघण्याचे पैसे

त्या भागात सगळे तिला बंबताई म्हणत. घरं गरम ठेवायचे बॉयलर आणि रेडिएटर बसवायचे, बिघडले की दुरुस्त करायचे, हा तिचा धंदा. तो तिला वडिलांकडून मिळाला होता. अण्णांचे गुडघे गेले तसे पाने-पकडी तिच्या हातात आल्या, आणि त्यांच्यासोबत अण्णांचा नियमही आला: कामाचे पैसे घ्यायचे, बघण्याचे नाही.

तिच्या नवऱ्याला हा नियम अजिबात पटत नसे. तो एका दंतवैद्याकडे नोंदणीच्या टेबलावर बसायचा. "अगं, आमचे डॉक्टर नुसतं 'आ करा' म्हणायचे पैसे घेतात," तो म्हणायचा. "आणि तू दिवस-दिवस लोकांच्या तळघरात घालवतेस. येताना काय आणतेस, तर केसात कोळिष्टकं!"

ती हसून सोडून द्यायची. बघायला गेलेल्या चार घरांपैकी एखादं काम मिळायचं, त्यावर भागत होतं.

थंडीला दोन महिने असताना तिला वृद्धाश्रमातून बोलावणं आलं. तीन मजली जुनी इमारत, तीसेक म्हातारी माणसं, आणि तळघरात खोकणारा बॉयलर. नवा बसवायचा होता. ती तीन दिवस तिथे जात राहिली. प्रत्येक खोली मोजली, खिडक्यांच्या फटी बघितल्या, पाइप कुठून कुठे जातात ते हाताने चाचपत शोधलं. दुसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त मास्तर तिच्या टेपचं दुसरं टोक धरून मागे मागे फिरले. "ताठ धर गं, टेप लोंबला की उत्तर चुकतं," असं तिलाच शिकवायचे. चष्म्याच्या दोन्ही काड्यांना दोरी बांधून तो गळ्यात अडकवलेला, आणि तरी दर दहा मिनिटांनी, "माझा चष्मा बघितलास का?"

शेवटच्या दिवशी तिने धुराडं तपासलं. बॉयलरचा धूर भिंतीच्या आतून वर जायचा, ती वाट इमारतीइतकीच जुनी. खालून धूर सोडून ती गच्चीवर जाऊन उभी राहिली, तर वर जेमतेम निम्मा आला. उरलेला मधेच कुठेतरी मुरत होता.

घरी येऊन तिने मोठ्या कागदावर सगळा आराखडा काढला. खाली आडवी पट्टी आखून त्यात आपलं नाव, फोन नंबर, आणि लाल शाईने सूचना लिहिली: "धुराड्याची भिंत दुसऱ्या मजल्याजवळ आतून फुटली असावी. ती उघडून आत नवा पाइप घातल्याशिवाय बॉयलर सुरू करू नये. नाहीतर विषारी वायू खोल्यांत शिरेल, जिवाला धोका आहे."

एक प्रत स्वतःकडे ठेवून तिने तो आश्रमाच्या व्यवस्थापक बाईंना नेऊन दिला. त्यांनी चहा दिला, तोंडभरून कौतुक केलं. "ताई, एवढं बारकाईने कुणी करत नाही हो. कमिटीपुढे ठेवते." मग दोन आठवडे काही कळलं नाही. पुढे समजलं की काम दुसऱ्याच एका ठेकेदाराला गेलं, बरंच स्वस्तात. तिला वाईट वाटलं, पण धंद्यात हे चालायचंच म्हणून ती दुसऱ्या कामाला लागली.

थंडी चांगली कडक पडली होती. एका सकाळी ती मुलीची वेणी घालत असताना फोन वाजला.

"ताई, मी आश्रमातून बोलतेय," व्यवस्थापक बाई म्हणाल्या. "नवा बॉयलर काहीतरी त्रास देतोय बहुतेक. वरच्या मजल्यावर दोन दिवस सगळ्यांची डोकी दुखताहेत. उलट्या होताहेत. आज दोन-तीन जण उठलेच नाहीत नीट. ठेकेदार फोन उचलत नाही. तुम्ही जरा बघून जाता का? तुम्ही बघण्याचे काही घेत नाही ना, म्हणून म्हटलं..."

मुलीचे केस हातातून सुटले.

"बाई, आधी बॉयलर बंद करा. आत्ता, माझ्याशी बोलता बोलता. खिडक्या सताड उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, ॲम्ब्युलन्स बोलवा."

"अहो, पण बाहेर एवढी थंडी..."

"थंडीने कुणी मरत नाही इतक्यात! उघडा म्हणते ना!"

ती पोचली तेव्हा अंगणात म्हातारी माणसं घोंगड्या, चादरी, मिळेल ते गुंडाळून खुर्च्यांवर बसली होती. एक आजी नुसतीच हसत होती, दुसरी आपल्या चपलेकडे एकटक बघत होती. दोन ॲम्ब्युलन्स भरून निघाल्या होत्या. तिसरीच्या आत मास्तरांना ठेवलं जात होतं. गाल लालबुंद, एखाद्याला वाटावं तब्येत सुधारलीय. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि चष्मा गळ्यात तसाच लोंबत असलेला. ती पुढे झाली, तर दार लागलं.

ती तळघरात उतरली. बॉयलर बंद होता. त्याच्या मागच्या भिंतीवर प्लास्टिकच्या पिशवीत घालून एक कागद चिकटवलेला होता. तिने आधी सहज बघितलं, मग जवळ गेली.

अक्षर तिचं होतं. खोल्यांची मापं तिची. पाइपांच्या निळ्या रेघा तिच्या, एका कोपऱ्यात तिच्या चहाच्या कपाचा गोल डागसुद्धा. ठेकेदाराने आराखडा बरहुकूम उतरवला होता, पाइपाचं एक वळणही चुकवलं नव्हतं. आणि बॉयलरचं तोंड सरळ त्या जुन्या, फुटक्या धुराड्यात घातलं होतं.

सूचना लिहायची राहिली की काय? मीच विसरले? तीस माणसांचं घर, आणि मी विसरले? मग तिने कागदाची खालची कड नीट बघितली. पट्टी नव्हतीच. कात्रीने सरळ कापून काढली होती. कापणाऱ्याचा हात जरा वर-खाली झाला असणार, कारण कडेला लाल शिरोरेषा तेवढी शिल्लक होती. वर एक-दोन मात्रा, एक वेलांटी, एक अनुस्वार. खाली अक्षरं नाहीत.

तिने ती पिशवी भिंतीवरून ओढली आणि वर घेऊन आली.

"हे कुणी कापलं?"

व्यवस्थापक बाई रडून रडून लाल झाल्या होत्या. त्यांनी कागद बघितला आणि अगदी सरळपणे म्हणाल्या, "मीच."

बंबताईला वाटलं, आपल्याला चुकीचं ऐकू आलं. ठेकेदाराची लबाडी असेल, हे तिने मनात धरूनच टाकलं होतं.

"तुम्ही? का?"

"तुमचं नाव होतं ना खाली. दुसऱ्याच्या नावाचा कागद त्या माणसाला कसा द्यायचा? बरं दिसलं नसतं. कमिटीसमोर ठेवायच्या आधीच मी..."

"लाल शाईत काय लिहिलं होतं ते वाचलं नाहीत?"

"मला वाटलं, तुमचा पत्ता-बित्ता असेल. जाहिरात असते तशी. असं काही महत्त्वाचं असतं तर तुम्ही फुकट दिलं असतंत का हो?"

बाई खवचटपणे बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. बंबताईला ओरडायचं होतं, पण बाईंच्या अंगावर स्वेटर उलटा होता. ती पायरीवर बसली ती बराच वेळ उठलीच नाही.

चौकशी झाली. तिच्याकडे आराखड्याची पूर्ण प्रत होती, म्हणून तिच्यावर काही आलं नाही. पाहणी न करता काम उरकल्याबद्दल ठेकेदाराचा परवाना गेला. व्यवस्थापक बाईंनी आपणहून नोकरी सोडली. बाकी सगळे आठवड्याभरात परतले. मास्तर जगले, पण महिनाभराने ती इस्पितळात भेटायला गेली तेव्हा त्यांनी तिच्याकडे मोठ्या अदबीने बघून विचारलं, "आपण कोण?" तिने टेपची आठवण करून दिली. ते पुष्कळ वेळ आठवत राहिले, आणि मग आपल्याला आठवत नाही याचीच त्यांनी माफी मागितली. बाहेरच्या बाकावर बसून ती ढसाढसा रडली.

घरी तिने अण्णांना सांगितलं, "आजपासून बघण्याचे पैसे घेणार. लेखी देणार, आणि समोरचा वाचून सही करेल तेव्हाच कागद हातात ठेवणार. काम मला दिलं तर ते पैसे वळते करीन."

"आणि ज्याच्याकडे नसतील त्याने काय कुडकुडायचं?" अण्णा उसळले. "माझ्या हयातीत एकाही दाराशी मी असं बोललो नाही."

"तुमचं दैव चांगलं अण्णा, तुमचा कागद कुणी कापला नाही."

अण्णांना पटलं नाही. चार दिवस ते तिच्याशी धड बोलले नाहीत. नवऱ्याने मात्र, "मी कधीपासून सांगतोय!" एवढं म्हणायला तोंड उघडलं, तिचा चेहरा बघितला आणि मिटलं.

त्या आठवड्यात एका माणसाचा फोन आला. बॉयलर आवाज करतोय, येऊन बघता का. तिने घसा खाकरून पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"बघण्याचे पैसे? कमाल आहे! उद्या बोलण्याचे मागाल!" आणि फोन आदळला.

तिने पाना उचलला, पुसला, खाली ठेवला. परत उचलला. आवाज म्हणजे कसला आवाज? घरात कोण कोण असेल? लहान मूल? तासभर तिचं कशातच लक्ष लागेना. शेवटी तिनेच त्या नंबरावर फोन लावला.

"मला पैसे द्यायचे नाहीत, सांगितलं ना एकदा," तो माणूस म्हणाला.

"नका देऊ. येतही नाही मी. फक्त एवढंच सांगा, ज्योत कुठल्या रंगाची आहे? पिवळी की निळी? आणि कुणाचं डोकंबिकं दुखतंय का घरात?"

"काय बाई आहात!" असं पुटपुटत तो जिना उतरल्याचा आवाज आला. पिवळी असली तर विषारी वायू होत असणार; फोन कानाला घट्ट दाबून ती उभी राहिली. एक दार करकरलं. बराच वेळ काहीच नाही.

"निळी," तो म्हणाला. "डोकं कुणाचं दुखत नाही. का हो?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून खाली बसली.