झाकणाखालची जागा

तिने झाकण पकडून एक मिलिमीटर खाली ओढलं. स्क्रीनवर ते सर्किट बोर्डावरच्या सगळ्यात उंच भागांना जवळजवळ टेकलं. मध्ये राहिले मिलिमीटरचे फक्त दोन दशांश. झाकणाला अडणारा भाग लाल होतो; कुठेच काही लाल झालं नाही. म्हणजे कागदोपत्री सगळं ठीक होतं.

"कागदोपत्री," ती पुटपुटली आणि सेव्हचं बटण इतक्या जोरात दाबलं, की शेजारच्या टेबलावर स्क्रू निवडत बसलेल्या जुळणीवाल्या काकूंनी मान वर केली.

"कीबोर्डाने काय घोडं मारलंय तुझं?"

"कीबोर्डाने नाही."

काकूंनी काचेच्या पार्टिशनपलीकडे पाहिलं. तिथे तिचा धाकटा भाऊ बसला होता. काकू पुन्हा स्क्रूंकडे वळल्या.

भाऊ बोर्ड आखायचा, ती त्या बोर्डाभोवतीचा डबा. त्याच्या आराखड्यात सगळं सपाट असायचं, तांब्याच्या रेघा आणि भागांचे चौकोन. प्रत्येक चौकोनापुढे तो उंची भरायचा. मग फाइल तिच्याकडे यायची आणि तिच्या मॉडेलमध्ये ते चौकोन ठोकळे होऊन उभे राहायचे. ज्याची उंची भरायची राहिली तो भाग कागदासारखा आडवाच पडून राही. काही वर्षांपूर्वी एक कॉइल अशीच आडवी पडून आली होती. तिने तिच्यावर झाकण बेतलं, पोलादी साचा कापून झाला, आणि खरा बोर्ड हातात आला तेव्हा झाकण कॉइलवर अडून बसलं. साहेबांनी सगळ्यांसमोर तिला झापलं. भाऊ बाजूलाच उभा होता. त्याने चकार शब्द काढला नाही.

ती भांडली नाही. पुढच्या दोन डब्यांच्या वेळी तिने एकूण एक भागाची उंची स्वतः तपासली. मग कंटाळा आला, आणि ती झाकण सरळ एक मिलिमीटर वर ठेवू लागली. कुणाला सांगितलं नाही. मनातल्या मनात त्याला ती भावाचा मिलिमीटर म्हणायची, आणि दर वेळी तो घालताना तिचे दात एकमेकांवर घट्ट बसायचे.

आज सकाळी साहेबांनी नेमका तोच मागितला होता. छातीवर चिकटवून हृदयाचे ठोके नोंदवणारं यंत्र होतं ते. पेशंटना ते लावून कुशीवर वळता येत नाही, अशी तक्रार होती.

"तुमचे डबे फुगीर असतात, मॅडम," साहेब म्हणाले. "या खेपेला नमुना पातळ आला नाही, तर डब्यांचं काम मी बाहेर देतोय. आधीच सांगून ठेवतो."

"ते बोर्डावर अवलंबून असतं."

"बोर्ड पातळच आहे," भाऊ म्हणाला. "ताईचं बेतणंच सढळ. आमच्या आईचे स्वेटर असेच असायचे, पुढच्या वर्षीच्या मापाचे. हिने ते बरोबर उचललंय."

सगळे हसले. तीही हसली. जागेवर येऊन बसली तेव्हा तिचे कान तापलेले होते.

मिलिमीटर काढल्यावर काय होणार, याबद्दल तिला शंका नव्हती. कुठला ना कुठला ठोकळा खऱ्या भागापेक्षा बुटका निघणार. झाकण बसणार नाही. आणि या वेळी फाइल त्याची, आकडे त्याचे, समोर साहेब. आपलं कामही याच नमुन्यावर टांगलेलं आहे हे तिला समजत होतं. समजूनही ती उठली, ते नमुना छापायला द्यायचा म्हणूनच.

वाटेत ती त्याच्या टेबलापाशी थांबली.

"उंच्या बघितल्यास ना नीट?"

"बघितल्या."

"सगळ्या?"

"ताई, फाइल दिलीय ना तुला? फाइलवर बेत."

"तेच केलंय. तंतोतंत फाइलवर."

त्याने माउसवरचा हात काढला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. काहीतरी विचारेल असं तिला वाटलं.

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्लॅस्टिकचा नमुना छापून आला. साहेब काकूंच्या टेबलाशी उभे राहिले, भाऊ त्यांच्या मागे. काकूंनी बोर्ड डब्यात बसवला आणि तीन उंच भागांवर मऊ मातीची एकेक गोळी ठेवली. नवा डबा पहिल्यांदा मिटताना त्या नेहमीच असं करत. झाकण मिटलं की गोळी दबते, आणि ती किती दबली त्यावरून आत किती जागा उरली ते कळतं.

काकूंनी झाकण ठेवलं. ती झाकणाकडे बघतच नव्हती. ती भावाचा चेहरा बघत होती.

चारही कोपऱ्यांचे स्क्रू आत गेले. झाकण बसलं.

"अरे वा!" साहेबांनी डबा उचलून शर्टावरून छातीला लावून पाहिला. "हेच तर मागत होतो मी. एवढी वर्षं काय हवा भरून देत होतात का?" डबा टेबलावर ठेवून ते फोन लावत बाहेर गेले.

तिचं काम वाचलं होतं. पण कालपासून मुठीत धरून ठेवलेल्या रागाला टेकायला आता जागाच उरली नव्हती. तिने स्क्रू काढले, झाकण उचललं. गोळ्या दबून दोन दशांशाच्या, कागदासारख्या चपट्या व्हायला हव्या होत्या. तशा त्या झाल्या नव्हत्या.

तिने जाडी मोजायचा कॅलिपर घेतला. पहिली गोळी, सात दशांश. दुसरी, सात. तिसरी मोजायची तिला गरज नव्हती, तरी मोजली. सात.

चूक असती तर इथे थोडी, तिथे जास्त अशी असती. चुका अशा एका मापाच्या नसतात.

"प्रत्येक भागाला अर्धा मिलिमीटर," ती म्हणाली. "तू उंच्या वाढवून भरतोस."

काकू उठल्या. "मला गोदामात जायचंय," असं कुणाकडेच न बघता म्हणत त्या गेल्या.

"कधीपासून?"

"त्या कॉइलपासून."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू सांगितलंस? तुझा एक मिलिमीटर?"

तिने कॅलिपर खाली ठेवला. "तुला माहीत होतं."

"डबे मलाही दिसतात, ताई."

"माहीत असून साहेबांसमोर माझी टिंगल केलीस? स्वेटर काय, आई काय!"

"त्याशिवाय तू काढला असतास?"

"तुझा अर्धा मात्र तसाच ठेवलास. माझा काढायला लावून."

"दोन्ही एकदम काढले आणि झाकण अडलं असतं, तर तुझं काम गेलं असतं. म्हणून ठेवला."

"उपकार केलेस! एवढी वर्षं मी लोकांचं ऐकून घेतेय, फुगीर डबे, फुगीर डबे. तोंड उघडता येत नव्हतं तुला? तेव्हाही नाही, आताही नाही. काल मी येऊन विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं झाकण बसणार. आणि तू नुसतं 'बरं' म्हणालास."

"हो. मला माहीत होतं बसणार."

तो थांबला. ती पुढचं वाक्य जुळवत होती, तेवढ्यात त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"पण तुला माहीत नव्हतं," तो सावकाश म्हणाला. "तुला वाटत होतं, बसणार नाही. असंच ना?"

तिने बोर्डावरची एक गोळी नखाने खरवडायला घेतली. माती भागाच्या पायांत शिरली होती, पटकन निघेना.

"ताई, मी काय विचारतोय?"

"तुझा अर्धा काढून नवी फाइल पाठव," ती म्हणाली. "अजून पातळ होईल."

तो आपल्या जागेवर गेला. तासाभराने फाइल आली. तिने ती उघडली, तेव्हा मॉडेलमधले सगळे ठोकळे एकदम अर्धा मिलिमीटर खाली बसले, पाण्याची पातळी उतरावी तसे. तिने झाकण पकडून तेवढंच खाली घेतलं.

"दोन दशांश ठेवलेत," काचेपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "तेवढेच. आणखी काही नाही."

थोड्या वेळाने तो तिच्या टेबलाशी आला. तिच्याकडे न बघता त्याने कॅलिपर उचलला. बोर्ड तिथेच होता, त्याला त्याने हात लावला नाही. त्याने तिचं झाकण घेतलं आणि उजेडात धरून एकेका कोपऱ्यात त्याची जाडी ठरल्यापेक्षा जास्त तर नाही ना, ते मोजायला लागला.