आपलीच गेली

लाइट गेली की श्रीधरराव आधी गॅलरीत जाऊन समोरच्या बिल्डिंगचा कानोसा घेत. तिथलेही मिक्सर गप्प असले की त्यांचा जीव भांड्यात पडे. महिन्यापूर्वी लेकीने हट्टाने नवा ब्रेकर बसवून घेतला, वायरीत ठिणगी उडाली की आपोआप पडणारा. तेव्हापासून फक्त त्यांचीच लाइट जाऊ लागली. सगळ्या बिबवेवाडीत चटण्या वाटल्या जाताहेत आणि आपण तेवढे घामाघूम, हा अपमान बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला सोसवेना.

ब्रेकर पडे तो त्यांच्या पत्नी उल्काताई बेडरूममध्ये इस्त्री लावत तेव्हाच. तीच इस्त्री स्वयंपाकघरात निमूट चाले. तरी दोष ब्रेकरच्याच स्वभावात आहे, असं श्रीधररावांनी ठरवून टाकलं आणि इलेक्ट्रिशियन भीमरावला बोलावलं.

"हा काढा, जुना लावा. जुना तीस वर्षांत एकदाही पडला नाही."

"म्हणूनच बदलला असेल, काका," भीमराव म्हणाला. "बेडरूमच्या वायरीत कुठंतरी ठिणगी उडतीय. आधी भिंत बघू द्या."

"भिंत मी रोज बघतो."

इस्त्रीचा प्लग उल्काताईंच्या उशाशी होता. बरोबर त्याच्या वर श्रीधररावांच्या निरोपसमारंभाचा फोटो होता: शाल, नारळ आणि ते. खिळा त्यांनी स्वतः ठोकला होता. एका खिळ्यासाठी सुतार बोलावणाऱ्यांची त्यांना कीव येई.

भीमरावने मेन स्विच बंद केला, फोटो उतरवला. फ्रेमचा मागचा पुठ्ठा रुपयाएवढा जळला होता. खिळा उपटला तर टोक काळं आणि सोबत प्लास्टरचा ढलपा. प्लगची वायर भिंतीतून सरळ वर गेली होती आणि खिळा नेमका तिच्यात घुसला होता.

"इथं खाली कोण झोपतं?" भीमरावने विचारलं.

उल्काताईंनी हात वर केला.

श्रीधरराव पलंगावर बसले. त्यांना भीती वाटली. "ब्रेकर राहू दे," ते म्हणाले. मग, "चुकलं माझं," असंही म्हणाले. उल्काताईंनी हे पहिल्यांदाच ऐकलं होतं, म्हणून भीमराव साक्षीदार असल्यासारखं त्यांनी त्याच्याकडे पाहून घेतलं.

दोन तासांत नवी वायर टाकून झाली. इस्त्री तापली, लाइट राहिली. भीमराव गेल्यावर श्रीधररावांनी उल्काताईंची उशी उचलली.

"आजपासून या बाजूला मी झोपणार."

"आता? दुरुस्त झाल्यावर?"

श्रीधरराव उशी छातीशी धरून तसेच उभे राहिले.