मागचं चाक वाजतंय

माझी गाडी स्टँडर्ड हेराल्ड आहे आणि लोक तिला फियाट म्हणतात. सव्वीस वर्षं मी हे ऐकतो आहे. धुळ्यात देवपुरातून निघून बाजारापर्यंत गेलो तरी वाटेत दोघे-तिघे थांबवतातच. "पंडितनाना, हाई फियाट शे का?" पूर्वी मी समजावून सांगायचो. ही मद्रासची गाडी, एकोणसत्तरचं मॉडेल, हिचं बॉनेट उचललं की दोन्ही मडगार्डांसकट पुढे कलतं आणि मिस्तरी पुढच्या चाकावर बसून आरामात इंजिनाचं काम करतो. सगळं ऐकून माणूस म्हणायचा, "ते बठ्ठं ठीक शे, पन अॅव्हरेज कितला देस?" आता मी नुसता हो म्हणतो आणि पुढे जातो. गाढवापुढे गीता किती दिवस वाचायची?

फियाटवाल्यांचे मेळावे भरतात. अॅम्बेसेडर बंद झाली तेव्हा लोक हळहळले. हेराल्ड कधी आली आणि कधी गेली, कोणाला पत्ता नाही. म्हणूनच मला ती आवडली असेल. शिरपूरला एका जिनिंगच्या शेडमध्ये सरकीच्या पोत्यांखाली ती पडून होती. भंगारवाला तिचं वजन अंदाजत होता. मी पोती बाजूला केली, दोन गोल दिवे माझ्याकडे बघत होते, आणि मी घरी न विचारता तिला घेऊन आलो. आमच्या बोळात बाकीच्या गाड्या पुढे-मागे करून घामाघूम होतात, ही एका दमात वळते. माझी बायको प्रमिला म्हणायची, "गाडीला वळता येतं, तुम्हालाच येत नाही." प्रमिलाला जाऊन चार वर्षं झाली. मुलगा पुण्यात असतो. रविवारी फोन करतो आणि बीपीची गोळी घेतली का विचारतो. बाकी सहा दिवस मी आणि गाडी.

मी एसटीच्या वर्कशॉपात टर्नर होतो. लेथवर बत्तीस वर्षं काढली. हेराल्डच्या मागच्या चाकाचा मधला गाभा, म्हणजे हब, ओढून काढायला साधा पुलर चालत नाही. हब शाफ्टवर असं घट्ट बसलेलं असतं की बाजारातल्या पुलरचे पाय वाकतात, हब जागचं हलत नाही. म्हणून मी स्वतः एक पुलर बनवला. जाड प्लेट, मधे स्क्रू, चार बोल्ट. नीट आवळला आणि वर हातोड्याचा एक ठोका दिला की हब सुटतं. अख्ख्या खानदेशात असा पुलर दुसऱ्या कोणाकडे नव्हता, आणि तो मी कोणाला देतही नव्हतो. आमच्या धंद्यात हत्यार उसनं देत नाहीत. हत्यार जायचं असेल तर त्याच्याबरोबर माणूस जातो.

ह्या पुलरमुळे मी जळगावला जायला लागलो.

सुगनचंदशेठ मला पारोळ्याला चहाच्या टपरीवर भेटले. मी गाडीत बसून चहा पीत होतो. पांढरा सदरा घातलेला एक माणूस आला, गाडीभोवती हळूहळू फिरला, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "हेराल्ड." इतकंच. माझ्या हातातला चहा सांडला. पाच वर्षांत तो पहिला माणूस होता ज्यानं फियाट का असं विचारलं नाही. त्यांचं जळगावला दाणाबाजारात धान्याचं दुकान होतं आणि मेहरूणमध्ये घर. त्यांच्या वडिलांनी त्यांच्या लग्नात घेतलेली हेराल्ड अजून चालू होती. फिकट निळी. "पण मागचं चाक वाजतं," ते म्हणाले. "कोणाला हब काढता येत नाही."

मी म्हटलं, मला येतं.

तेव्हापासून वर्षातून एक-दोनदा शेठचा फोन यायचा. "पंडितभाऊ, मागचं चाक वाजतंय." मी पुलर पिशवीत घालायचो आणि नव्वद किलोमीटर जायचो. हब काढायचं, बेअरिंग बघायचं, ग्रीस भरून परत बसवायचं. तोवर शेठ स्टुलावर बसून कापसाच्या भावापासून व्याह्यांच्या तब्येतीपर्यंत सगळं सांगायचे. काम झालं की बॉनेट उघडून आतल्या बाजूला ऑइलपेंटनं तारीख आणि मीटरचा आकडा लिहायचा ही माझी वर्कशॉपातली सवय. मग मेहरूण तलावाला एक चक्कर, चाचणी म्हणून. मी चालवायचो, शेठ शेजारी. घरी आल्यावर दाल-बाटी. बाटीवर तूप इतकं ओतायचे की मी ओरडायचो, आणि ते म्हणायचे, "बेअरिंगला ग्रीस लागतं ना? खा."

गेल्या दोन-तीन वर्षांत फोन वाढले. दोन-दोन महिन्यांनी चाक वाजायला लागलं. मी हब काढावं तर बेअरिंग ठणठणीत. "शेठ, काहीच नाही." "नाही पंडितभाऊ, वाजतं. तुम्ही बघून घ्या." मला वाटलं, म्हाताऱ्याचे कान वाजतात. कधी वाटायचं, माझ्या कामावर भरवसा राहिला नाही. मी जरा तिरसटच माणूस. प्रमिला असती तर तिनं मला चार शब्द सुनावले असते.

मागच्या पोळ्याच्या सुमारास मी ठरवलं, शेठना त्यांचा स्वतःचा पुलर बनवून द्यायचा. ओळखीच्या एकाच्या लेथवर तीन आठवडे खपलो. माझ्यापेक्षा चांगला झाला. स्क्रू असा फिरायचा की बोटानं ढकलावा. कडा घासल्या, वर एस. सी. अशी अक्षरं कोरली. आयुष्यात मी कोणाला हत्यार दिलं नव्हतं. माझ्या हिशेबी ही मोठी गोष्ट होती, बाकीच्यांना ती कळावी असा माझा हट्टही होता. गोणपाटात बांधून वर सुतळीची माझी गाठ मारली आणि एसटीनं पार्सल पाठवलं. मग फोन केला.

"शेठ, पुलर पाठवलाय. तुमचा तुम्हाला. कोणत्याही मिस्तरीकडून हब काढून घ्या. आता माझी वाट बघायला नको."

शेठनी ऐकून घेतलं. मग, "अच्छा. ठीक आहे, पंडितभाऊ." फोन ठेवला.

आभार राहू देत, छान झाला म्हणायला काय गेलं असतं? मी दिवसभर धुसफुसत होतो. पोळा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली, शेठचा फोन नाही. बरोबर आहे, मी स्वतःला सांगितलं, गरज सरो वैद्य मरो. हत्यार मिळालं, आता माणूस कशाला हवा? मीही फोन केला नाही. का करायचा? संध्याकाळी गाडी पुसायचो, बोळात एकदा वळवायचो, परत लावायचो. आठ महिन्यांत हेराल्ड हा शब्द माझ्या तोंडून कोणासमोर निघाला नाही. मला फार एकटं वाटायचं, आणि ते मी गाडीलासुद्धा सांगत नव्हतो.

वैशाखात फोन वाजला. शेठ नव्हते, त्यांची सून राजकुंवर होती.

"काका, रविवारी पुण्याचे एक जण गाडी न्यायला येतायत. बाबूजींनी द्यायला हो म्हटलंय. पण मागचं चाक अजिबात फिरत नाही, गाडी ढकलता येत नाही. मी इथलाच कोणीतरी मिस्तरी बोलवत होते, तर बाबूजी म्हणाले, हात लावायचा तर धुळ्याच्या भाऊंनी."

"मग शेठनी स्वतः का नाही फोन केला?"

ती म्हणाली, "तुम्हाला त्रास नको म्हणतात."

रविवारी पहाटेच निघालो, कारण नऊनंतर त्या रस्त्यावर ऊन भाजून काढतं. पारोळ्याला त्याच टपरीवर थांबलो. पोऱ्यानं विचारलं, फियाट का? मी हो म्हटलं. पिशवीत माझा पुलर होता. डोक्यात चार खरमरीत वाक्यं तयार होती.

मेहरूणला शेठ ओसरीत खुर्चीवर बसले होते. वाळले होते. मी फाटकाशी गाडी बंद केली आणि ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "टॅपेट वाजतायत तुमचे. दोन नंबरचा."

खरंच वाजत होता, इंजिन टकटक करत होतं. मला पारोळ्यापासून शंका होती. मी जवळ गेलो तरी त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी होती.

मी निळ्या गाडीकडे वळलो. चाकात काही विशेष नव्हतं. बरेच महिने उभी राहून ब्रेकचा पट्टा ड्रमला चिकटला होता. चार ठोके दिले, सुटला. पुलरची गरजच पडली नाही. बॅटरी बघायला बॉनेट उचलून पुढे कलवलं, चाकावर बसलो, आणि वर माझंच अक्षर दिसलं.

आधीच्या ओळी ठीक होत्या. ३८,४१०. ३९,९६०. ४१,१०५. मग ४१,२१२. त्याखाली ४१,२१६. त्याखाली ४१,२२०. मग २२४, २२८, २३२, २३६. तारखा दोन-दोन महिन्यांच्या. मी उठून मीटर बघितला. ४१,२४०.

चार किलोमीटर म्हणजे घरापासून तलावाला चक्कर मारून परत घर.

दोन महिने गाडी जागेवरून हलायची नाही. मी यायचो, आम्ही दोघं तलावाला चक्कर मारायचो, आणि ती परत उभी राहायची. उभ्या गाडीचं चाक वाजत नाही हे पोरालाही कळतं. दर वेळी आकडा मी माझ्या हातानं लिहिला होता आणि एकदाही वाचला नव्हता.

राजकुंवर पाणी घेऊन आली. मी हळूच विचारलं, "शेठ गाडी कधीपासून चालवत नाहीत?"

"दोन वर्षं होऊन गेली, काका. दिसतच नाही त्यांना. तुम्हाला सांगितलं नव्हतं त्यांनी?"

मी ओसरीत गेलो. शेठच्या खुर्चीमागे कोनाड्यात माझं पार्सल होतं. गोणपाट तसंच, सुतळीची गाठ तशीच.

"शेठ, उघडलंसुद्धा नाहीत?"

"हात लावून बघितलं ना. वजन चांगलं आहे." त्यांनी मागे हात नेऊन गाठ चाचपली. "उघडून काय करणार? तुम्ही म्हणालात, वाट बघायची नाही. म्हणून नाही बघितली."

तयार करून आणलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मला लाज वाटली. मी त्यांच्या स्टुलावर बसलो आणि सरळ सांगितलं की मी मूर्ख माणूस आहे, मला ते तसं म्हणायचं नव्हतं, आणि आठ महिने मी रोज फोनकडे बघत होतो. शेठनी माझा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला.

पुण्याचा माणूस यायला तासभर होता. माझ्या गाडीची बॅटरी लावून निळी सुरू केली. शेठना शेजारी बसवलं. तलावाला चक्कर मारली. उन्हात तिथे कोणी नव्हतं, पाणी बरंच आटलं होतं. शेठ खिडकीतून हात बाहेर काढून दाराचा पत्रा धरून बसले होते. अर्ध्यावर त्यांनी विचारलं, "मागचं चाक वाजतंय का हो?"

"वाजतंय," मी म्हटलं.

"मला पण ऐकू आलं."

घरी येऊन मी बॉनेटखाली शेवटचा आकडा लिहिला. ४१,२४४. पुण्याचा माणूस आला तो चांगला होता. त्याला गाडीचं नाव, मार्क, साल, सगळं ठाऊक होतं. अशा माणसाची मी सव्वीस वर्षं वाट बघितली असेल, पण त्या दिवशी मला त्याच्याशी बोलावंसं वाटलं नाही. निळी ट्रेलरवर चढली. शेठ आवाज ऐकत उभे राहिले. ट्रेलर वळणावर दिसेनासा झाल्यावरही ते तसेच उभे होते, कारण त्यांना अजून ऐकू येत होतं. मग राजकुंवरनं त्यांना आत नेलं. जिथे गाडी असायची तिथे फरशीवर तेलाचा एक डाग होता.

दाल-बाटी झाली. निघताना मी पिशवीतला माझा पुलर काढला आणि कोनाड्यात त्या पार्सलशेजारी ठेवला. कोणाला सांगितलं नाही. नव्वद किलोमीटर रिकामी पिशवी शेजारच्या सीटवर होती. घरी पोचलो तर घर तापलं होतं, आणि कुलूप उघडताना नेहमीसारखंच वाटलं की आत कोणीतरी असायला हवं.

मंगळवारी सकाळी मी फोन केला.

"शेठ, माझ्या गाडीचं मागचं चाक वाजतंय. आणि पुलर तुमच्याकडे राहिलाय. एसटीनं पाठवून देता का?"

शेठ म्हणाले, "हत्यार असं पाठवत नाहीत, पंडितभाऊ. तुम्हीच या घ्यायला."