डब्यावरचं नाव

लाडू जागृतीने बुधवारी केले, आणि डब्याचं तिच्या लक्षात आलं ते गुरुवारी दुपारी, ऑफिसच्या कॉलवर असताना. तिने सहज मान वळवून ओट्याकडे पाहिलं. आईचा डबा जागेवर नव्हता.

तिने नवऱ्याला, अनुपला फोन लावला. "तू रुपालीकडे लाडू कशात घालून दिलेस?"

"त्या स्टीलच्या डब्यात. प्लास्टिकचे सगळे संपलेत यार, लोकांकडे गेले ते परत आलेच नाहीत. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि कॉलवर परत गेली.

फेब्रुवारीपासून तिचं असंच चाललं होतं. आई गेली तेव्हा तिचा व्हिसा रिन्यूअलला अडकलेला. ती भारतात गेली असती तर परत येता आलं असतं की नाही, कुणी सांगू शकलं नाही. तिने सगळं फोनच्या स्क्रीनवर बघितलं. भंतेजींचा आवाज मधेमधे तुटत होता. कॉल संपल्यावर तिने वॉशिंग मशीनमधले कपडे ड्रायरमध्ये टाकले होते. रडू आलं नव्हतं, आणि मग आलंच नाही. पाच वर्षांच्या इलाचे डबे, तिचे मोजे, ऑफिसची रोजची स्टँडअप मीटिंग, सगळं वेळच्या वेळी होत होतं. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा दुसऱ्याचा वाटतो, तशी ती सबंध झाली होती.

डबा काही मोठा नव्हता. पाच वर्षांपूर्वी, इलाच्या वेळच्या बाळंतपणात आईने जवसाची चटणी भरून पाठवलेला. त्याच्या पोटावर कामठीच्या भांड्यांच्या दुकानात मशीनने टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं : गिरजाबाई लहू रामटेके, कामठी, १४ एप्रिल १९८८. जयंतीला घेतलेलं प्रत्येक भांडं आई असं नाव घालून आणायची.

इथे मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये जागृती 'जाधव' होती. जाधव सगळ्यांतच असतात. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी "जाधव म्हणजे कुठले?" विचारलं की अनुप "नाशिककडचे" म्हणायचा आणि विषय स्नो टायरवर न्यायचा. खोटं ते काही बोलत नव्हते. फक्त सांगत नव्हते. रुपालीने तर कधी विचारलंही नव्हतं. तिचा अनय आणि इला एकाच वर्गात, शाळेची बस दोघांना रुपालीच्या दारात सोडायची, आणि साडेपाचला जागृती येईपर्यंत इला तिथेच जेवायची, खेळायची. रुपालीला तीन आठवड्यांपूर्वी दुसरी मुलगी झाली तेव्हा जागृती म्हणाली होती, इलाची दुसरी सोय बघते. रुपाली चिडलीच. "वेडी आहेस का? सासूबाई आल्यात मदतीला. तू फक्त मला डिंकाचे लाडू करून दे, तुझ्या आईसारखे."

हे घर गेलं, तर इलाचं दुसरं घर गेलं. एवढं एकच कळत होतं तिला. बाकी काही वाटत नव्हतं.

कॉलवर कुणीतरी आकडे वाचत होतं, आणि जागृती कामठीच्या गल्लीत होती.

गल्लीत चार घरं होती. पहिल्या घरात जुबेदाखाला, त्यांच्या मागच्या खोलीत हातमाग. दुसऱ्यात मुदलियारमामी, ज्यांचे पणजोबा इंग्रजांच्या पलटणीबरोबर आले आणि इथेच राहिले. त्या तमिळमध्ये रागवायच्या आणि मराठीत समजूत काढायच्या. मग रामटेके. आणि कोपऱ्यावर श्रीराम गुरुजी. बुद्धपौर्णिमेला आई खीर करायची आणि हाच डबा तिन्ही घरी जायचा. एकच डबा, तीन खेपा. खालांकडून परत येताना त्यात खारीक असायची, मामींकडून चकलीसारखा मुरुक्कू. गुरुजींच्या घरून डबा लख्ख घासून यायचा, तळाशी चिमूटभर साखर. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत चारही घरांत होती.

जागृती सात वर्षांची असेल. गुरुजींकडे डबा देऊन निघाली आणि चप्पल मागच्या दारी राहिली म्हणून परत गेली. गुरुजींच्या घरच्या काकू गोठ्यात होत्या. खीर गाईच्या घमेल्यात होती. केशराची एक काडी घमेल्याच्या कडेला चिकटलेली. काकूंनी तिला पाहिलं नाही. ती गुपचूप पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली. त्यांनी डबा घासला, पुसला, आत जाऊन साखर घातली आणि पुढच्या दाराशी येऊन गोड हसत तिच्या हातात दिला.

घरी आईने विचारलं, "काय म्हणे काकू?"

"बढिया झाली म्हणे," जागृती म्हणाली. "दोनदा घेतली त्यांनी."

पुढे दरवर्षी ती हेच सांगत राहिली. मग खालांचा माग बंद पडला आणि मुलगा त्यांना मालेगावला घेऊन गेला. मामींच्या घराजागी तीन मजली इमारत आली, खाली मोबाइलचं दुकान. गल्लीच्या तोंडाशी झेंडे आले, आधी एका रंगाचे, मग शेजारी दुसऱ्या रंगाचे, मग तिसऱ्या. डब्याच्या तीन खेपांची एक झाली. ती एक मात्र डबा इकडे येईपर्यंत गुरुजींकडेच जात होती.

साडेपाचला तिने रुपालीची बेल वाजवली. दार सासूबाईंनी उघडलं. डोक्याला रुमाल, अंगात सुनेचा जाड स्वेटर. आतून बाळाचा आवाज येत होता.

"या या. रुपाली पाजायला बसलीय, आत्ताच बाळाने धरलंय."

"असू दे काकू, मी थांबत नाही."

सासूबाईंनी किराणाच्या पिशवीत गुंडाळलेला डबा पुढे केला. "सकाळी तुमचे मिस्टर देऊन गेले. नाव वाचलं मी. गिरजाबाई म्हणजे तुमच्या आई?"

"हो."

"रामटेके." त्यांनी आडनाव सावकाश उच्चारलं, जिना उतरताना पायरी चाचपावी तसं. "नागपूरकडचे. वाटत नाही हं तुमच्या बोलण्यावरून."

"लाडू कसे झाले होते?" जागृतीने विचारलं. तिला स्वतःलाच नवल वाटलं, आपण हे विचारतोय याचं.

"छान, छानच," त्या म्हणाल्या आणि मागे वळून हाक मारली, "इला! आई आली गं तुझी. जॅकेट घाल बरं राजा."

इलाच्या जॅकेटची चेन त्यांनी स्वतः लावून दिली. अगदी मायेने, हनुवटी चिमटीत येऊ नये म्हणून मधे बोट धरून. ते बोट जागृती बघत राहिली.

गाडीत बसल्यावर तिने डबा उघडला. लख्ख घासलेला. तळाशी चिमूटभर साखर.

मार्चअखेरचं ते करडं ऊन होतं. रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळपट ढीग. पहिला सिग्नल गेला, दुसरा गेला.

"इला, आजींना लाडू आवडले का गं?"

 मागच्या सीटवरून फार घाईने उत्तर आलं. "शी सेड यम्मी. शी एट टू."

जागृतीने आरशात बघितलं. इला खिडकीबाहेर बघत होती आणि तिचा हात जॅकेटच्या खिशावर घट्ट होता.

घरी आल्यावर ते जॅकेट धुवायला टाकताना खिशात काहीतरी लागलं. अर्धा लाडू. एका बाजूला दातांच्या बारीक खुणा, माणसाच्या नव्हेत, आणि ओल्या लाकडाचं एक कुसळ चिकटलेलं. तो तळहातावर धरून ती लाँड्रीच्या दारात उभी राहिली. इला समोरच होती.

"आजीने बाहेर डेकवर ठेवले," इला हळूच म्हणाली. "ऑल ऑफ देम. द ब्लॅक स्क्विरल्स केम. आय सेव्ड वन." मग जागृतीचा चेहरा वाचत, "आर यू सॅड, मम्मा?"

"नाही गं."

"आय डिडन्ट वॉन्ट यू टू बी सॅड."

जागृतीला एकदम दिसलं, पंचवीस वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं ते. दर बुद्धपौर्णिमेला खालांचा डबा आई वरच्या खिरीने भरायची, काजू-बदाम बघून. गुरुजींचा डबा सगळ्यात शेवटी, पातेल्याचा तळ खरवडून. आणि "दोनदा घेतली" म्हटल्यावर आई कधी खूश झालेली नव्हती, फक्त पदराने जागृतीचं तोंड पुसायची आणि म्हणायची, "जा, आता तू खा." आईला माहीत होतं. आपली पोर खोटं का बोलते तेही माहीत होतं, आणि तिने ते दरवर्षी जपून ऐकून घेतलं होतं.

फोन वाजला. रुपालीचा मेसेज. 'अगं, अनुप सकाळी लाडू देऊन गेला होता ना? सासूबाई म्हणतात वास येत होता म्हणून टाकले. खरंच खराब झाले होते का? मी दिवसभर वाट बघतेय लाडवांची.'

'हो, तूप जुनं होतं बहुतेक,' जागृतीने टाइप केलं. बोटांना सवय होती. मग समोर इला उभी होती, अजून तिच्या चेहऱ्याकडे बघत. जागृतीने ते खोडलं.

'खराब नव्हते,' तिने लिहिलं. 'डब्यावर माझ्या आईचं नाव आहे, ते वाचून ठेवले असतील बाहेर. उद्या परत करून आणते. त्याच डब्यात. तुझ्या हातात देईन. तुला नको असतील तर तूच सांग.'

पाठवून तिने फोन ओट्यावर ठेवला. तीन टिंबं उमटली, गेली, परत उमटली, गेली.

ती थांबली नाही. खारीक अर्धी पिशवी उरली होती, डिंकही होता. कढईत तूप तापलं आणि डिंकाचा पहिला खडा टाकताच तो फुलून वर आला.

"इज इट फॉर द स्क्विरल्स?" इलाने स्टूल ओढत विचारलं.

"रुपालीमावशीसाठी."

"अँड इफ आजी..."

"मग उद्यापासून मी काम लवकर आटपेन. काहीतरी करू. आधी ते उघड."

इलाने डबा उघडला. साखर दिसली तशी बोट ओलं करून तिने तळ चाटूनपुसून साफ केला, आणि मग बाहेरच्या टिंबांवरून तेच चिकट बोट फिरवत विचारलं, "व्हॉट डझ इट से?"

"वाच ना. तुला 'ग' येतो."

"गि," इला म्हणाली. "गि... र..."

फोनची स्क्रीन उजळली. जागृतीचे हात तुपाचे होते. "थांबू नकोस," ती म्हणाली. "पुढे वाच."