टोपी कापलेले ट्रान्झिस्टर

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई म्हणायची. चौऱ्याऐंशी साली मी त्याचा पुरावाच दिला.

नववीत होते. बोरीवलीच्या आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि मी उन्हातून वीज काढायचा प्रयोग घेतला होता. सौरघट आणायचा कुठून? विज्ञानाच्या जयंतीबाईंनी युक्ती सांगितली. जाड ट्रान्झिस्टरची धातूची टोपी कापायची, आतल्या सिलिकॉनच्या चकतीवर ऊन पडू द्यायचं, थोडी वीज मिळते. मरोळच्या एका कारखान्यातले नापास आठ ट्रान्झिस्टर त्यांनी आणूनही दिले. कापताना आतल्या केसाएवढ्या तारा तेवढ्या तुटता कामा नयेत.

हे काम मी मुद्दाम बाबांना दिलं. बाबा, म्हणजे काशीराम परब, गिरणीत फिटर होते. संपानंतर गिरणी सुरू झाली, पण त्यांना परत घेतलं नाही. तेव्हापासून ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असत. मला बक्षीस हवं होतंच, पण त्याहून जास्त बाबा उठून बसायला हवे होते.

ते उठले. कापडात गुंडाळलेली बारीक करवत काढली आणि एकही तार न तोडता चार टोप्या कापल्या. ते चार एकापुढे एक जोडून मी गॅलरीतल्या उन्हात धरले. शाळेतून आणलेल्या गॅल्व्हानोमीटरचा काटा सरकला.

"काटो हल्लो गो!" बाबा ओरडलेच. त्या दिवशी त्यांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा ढिम्म. ऊन तेच, जोडणी तीच. वाकून पाहिलं तर चकत्या तेलाने चमकत होत्या आणि तारा मोडून पडल्या होत्या.

"कोणी हात लावला याला?"

"मी पुसान तेल लावलंय," बाबा म्हणाले. "कापलेला लोखांड उघड्यार ठेवूचा नाय. गंजता."

तीस वर्षांची सवय. काम संपलं की चिंधीने पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं, मगच घरी जायचं. मायेनं केलं होतं त्यांनी, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी बोललेच.

"वाट लावलीत सगळ्याची! म्हणूनच गिरणीने परत घेतलं नाही तुम्हाला!"

भाकरी थापणारा आईचा हात थांबला. बाबांनी करवत पुसली, तिला तेल लावलं आणि कापडात गुंडाळून ठेवली.

संध्याकाळपर्यंत माझा राग उतरला होता आणि स्वतःची लाज वाटत होती. प्रदर्शनाला अजून दोन दिवस होते. उरलेले चार ट्रान्झिस्टर मी त्यांच्यापुढे ठेवले.

"बाबा, चुकलं माझं. एवढे कापून द्या ना."

"हात थरथरता गो आता, बाय."

आईने चहा आणला. बाबा उठून बसले. काठोकाठ भरलेली बशी त्यांनी एका हाताने ओठांपर्यंत नेली. एक थेंब सांडला नाही. बशी खाली ठेवून ते पुन्हा भिंतीकडे वळले.