उन्हात लाल होणारी बाटली

१९७८ साली बाटलीबुवाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. बुवा म्हणजे तिघी बहिणींतल्या थोरलीचा सख्खा मामा. रोग्याची लघवी बाटलीत भरून तो खिडकीत भर उन्हात ठेवी. त्या दिवशी बाटली धाकटीची होती. चार दिवस ती पोटदुखीने गडाबडा लोळत होती. दुपारपर्यंत बाटली काळपट लाल झाली.

"बघा, भूत पाझरतंय!" मामा गरजला. "नऊ दिवस निव्वळ पाणी. घास दिलात तर भूत पोसाल!"

आईने हात जोडले. थोरलीचं मस्तक फिरलं. वर्षापूर्वी अशाच लाल बाटलीनंतर, याच उपासाच्या सातव्या दिवशी मधली बहीण गेली होती. 'भूतच जबर होतं' म्हणून मामा मोकळा!

थोरली इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने पिशवीतून दुसरी बाटली काढून तिच्यावरचा काळा कागद फाडला. आत पिवळं पाणी.

"हीसुद्धा धाकटीचीच, सकाळचीच. मामा, तुमचं भूत ऊन खायला येतं वाटतं?"

लोक खुसखुसले. "हा रक्तातून, घराण्यातून येणारा आजार असावा," थोरली म्हणाली.

"दोष तुझ्या बापाच्या घराण्यात!" मामा उसळला. "आमचं रक्त निर्मळ आहे."

"मग द्या की नळीभर."

सगळे बघत होते. मामाला बाही वर सारावीच लागली.

धाकटीला तिने इस्पितळात नेलं. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि तिसऱ्या दिवशी पोरीने जेवायला मागितलं.

आठवड्याने थोरली भरल्या अंगणात अहवाल घेऊन उभी राहिली.

"तांबड्या पेशींत एक एन्झाइम असतं. धाकटीत ते हवं त्याच्या निम्मं, आईत निम्मं, मामांतही निम्मं! रोगाचं नाव पॉर्फिरिया. एन्झाइम कमी पडलं की रक्ताचा रंग बनवायचा कच्चा माल लघवीत उतरतो, उन्हात लाल होतो. उपाशी ठेवलं की दुखणं भडकतं. मधलीला भुताने नाही, उपासाने मारलं. बसा आता मामा, नऊ दिवस पाण्यावर. मी समोर बसते."

"अगं पोरी, मरेन ना मी!"

"मधलीही हेच म्हणत होती."

अंगण रिकामं झालं. मामा गाव सोडून गेला. पुढे कुठेशी कुलपं दुरुस्त करायचा म्हणे. आईने भावाला पुन्हा दारात उभं केलं नाही. धाकटी आज आजी आहे, वेळेवर जेवते. थोरलीने मामाला कधीच माफ केलं नाही, आणि त्याचं तिला वाईटही वाटत नाही.

घरात कुणाची लघवी लाल झाली, तर बुवाकडे नाही, प्रयोगशाळेत न्या. आणि माणसाला आधी जेवू घाला.