शहादेवसाठी राखलेला कोंबडा

माझ्या अंगणातल्या तांबड्या कोंबड्यावर अख्ख्या तलवाड्याचा डोळा होता. पण तो शहादेवचा होता. शहादेव माझा लेक, बायकोला घेऊन ऊस तोडायला गेलेला. आमच्या घरची रीत आहे, टोळी परत आली की ट्रॅक्टरमधली बोचकी उतरायच्या आधी कोंबडा चुलीवर चढतो.

पाऊस नव्हता. आड कोरडा, टँकर येईल तेव्हा पाणी. शेतात काही उगवेना म्हणून आम्ही बायांनी कोंबड्यांची सोसायटी काढली. मनकर्णा तिची चेअरमन. आमची कोंबडी सायकलला उलटी टांगून जात नाही. आदल्या सांजेपासून दाणा बंद, पाणी मात्र समोर. पहाटे पंख अंगाशी दाबून धरायची, जाळीच्या पेटीत ठेवायची. कापायची ती गेवराईला, सोसायटीच्या परवान्याच्या दुकानात, एका घावात, बाकीच्यांच्या नजरेआड. गाडीवाला सटवा एकदा तंगडीला धरून उचलायला लागला, तर म्हणलं, "तुला टांगू का रे तसा आडात? पाणी न्हाई, बुडायची भीती न्हाई."

दर खेपेला मनकर्णा म्हणायची, "काकू, तांबडा द्या की. जून झाला तर कुणी दात लावायचं न्हाई."

"माझ्या लेकाचे दात मजबूत हायत. तू तुझे सांभाळ."

मग कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला. एकेक टोळी गावात यायला लागली. ट्रॅक्टर वाजला की मी वाटण घालायला बसायची, आणि बोचकी दुसऱ्याच्या दारात उतरायची. वाटण पाट्यावरच वाळून जायचं.

शेवटी शहादेवचा फोन आला. "आये, आमी हितंच एका मळ्यावर कामाला ऱ्हातो. मालकाच्या हिरीला पाणी हाय. तिकडं येऊन प्यावं काय?"

"तुझा कोंबडा वाट बघतोय."

"तांबडा? अजून हाय?"

"मग? तुझ्यावाणी पळून जाईल व्हय?"

हसला. ते हसू पुष्कळ दिवसांनी ऐकलं, पण त्यानं घर काही भरलं नाही.

तो कोंबडा कापून मी एकटीनं खाल्ला असता, तर घास उतरला नसता. त्या सांजेला त्याचा दाणा बंद केला, ताजं पाणी ठेवलं. पहाटे सटवाला हात लावू दिला नाही. पंख दाबून छातीशी धरला. माझ्या हाताखाली त्याचं काळीज उडत होतं. पेटीत ठेवला, कडी लावली.

"दुकानात सांग," सटवाला म्हणलं, "ह्याला पहिला घ्या. ताटकळत ठेवू नका. वाट बघून लई शिणलाय."

गाडी गेली. मनकर्णा माझ्या तोंडाकडं बघत उभी. कुणी कीव करायला लागलं की मला खपत नाही, म्हणून तिला कामाला लावलं.

"काळी कोंबडी खुडूक झालीय. टोपलीत भुसा घाल. अंडी काढून ठेवलीत मी."

"ह्या उन्हात? पिल्लं जगायची न्हाईत, काकू."

"सावलीत बसव. पुढच्या पट्ट्याला कोंबडा लागंल का न्हाई?"